सायबरपंक कथेतलं शहर कसं बांधायचं: बेळगाव सीमाभागातल्या नव्या लेखकांसाठी

सायबरपंक लिहायला घेतलेल्या नव्या लेखकाचं पहिलं पान बहुतेक एकसारखं असतं. रात्र, पाऊस, निऑनचे बोर्ड, आकाशाला भिडलेले टॉवर आणि लांब काळा कोट घातलेला कुणीतरी. गावाचं नाव बेळगाव दिलेलं असतं, पण ते खोडून टोकियो लिहिलं तरी एक ओळही बदलावी लागत नाही. अशी कथा दुसऱ्या पानावरच सैल पडते. या साहित्यप्रकारात पात्राला काय करता येईल, कुठं जाता येणार नाही, कोण त्याला ओळखेल आणि कोण नाकारेल, हे सगळं शहर ठरवतं. तंत्रज्ञान फार पुढं गेलेलं आणि माणसाचं जगणं तळाला राहिलेलं, ही इथली मूळ मांडणी. ती दाखवायची तर दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत लागतात.

खालची पद्धत चार-पाच हजार शब्दांच्या पहिल्या कथेसाठी आहे. तिचा पाया एवढाच: तुमच्या शहरातली प्रत्येक मळकी, गळकी, गंजलेली गोष्ट कुणाच्या तरी निर्णयामुळं तशी झालेली असते. कुणाचं बिल थकलं, कुणाची हद्द संपली, कुणी दुरुस्ती पुढं ढकलली. ते कारण वाचकाला सांगायलाच हवं असं नाही, पण लेखकाला पाठ हवं.

पाऊस आणि निऑन आले कुठून

'ब्लेड रनर' हा १९८२ चा सायबरपंक चित्रपट स्टुडिओच्या आवारात बांधलेल्या रस्त्यांवर चित्रित झाला. रात्र, धूर आणि पाऊस यांमुळं त्या सेटच्या कडा झाकल्या गेल्या. पडद्यावर ते देखणं दिसलं आणि पुढं त्याची प्रथाच पडली. कागदावर लिहिणाऱ्याला झाकायला सेटच नसतो. म्हणून तुमच्या कथेत पाऊस आला तर त्यानं स्वतःचं काहीतरी काम करायला हवं.

दुसरं उदाहरण खरं आहे आणि जास्त शिकवणारं आहे. हाँगकाँगमधली कौलूनची तटबंदीतली वस्ती सुमारे २.६ हेक्टर जागेत होती आणि तिथं तीस हजारांवर माणसं राहत. १८९८ च्या करारानं आजूबाजूचा मुलूख ब्रिटिशांकडं गेला, तटबंदीच्या आतला हक्क मात्र चीननं सोडला नाही. दोन सत्तांच्या वादात तिथं बांधकामाचा नियम कुणी नीट लावलाच नाही. इमारती एकमेकींना चिकटून साधारण चौदा मजल्यांपर्यंत चढल्या आणि तिथं थांबल्या, कारण काई तक विमानतळाकडं उतरणारी विमानं वरूनच जात. १९९३-९४ मध्ये वस्ती पाडली. तिची गर्दी, अंधार, उंची, लोंबणाऱ्या तारा या प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि मुळाशी हद्दीचा वाद होता. सीमाभागातल्या लेखकानं निऑनपेक्षा हे उचलावं.

पायरी १: साल ठरवा आणि वयं मांडा

'भविष्यात कधीतरी' असं लिहू नका. तीस-पस्तीस वर्षं पुढचं एक साल घ्या, समजा २०५७. आता वहीत लिहा की आज वीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेला असेल. त्याला आजचं सगळं आठवत असेल. मग वस्तूंची वयं मांडा. चांगला लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चाळीस-पन्नास वर्षं चालतो, फोन तीन-चार वर्षांत जातो. म्हणजे २०५७ मध्ये बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत आजचा लेथ असू शकतो, आजचा फोन असणार नाही. बेळगाव २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत होतं. त्या काळात उभे राहिलेले खांब आणि कॅमेरे तुमच्या कथेत चाळीस वर्षांचे म्हातारे असतील. त्यातले कोणते चालू, कोणते नुसते उभे, कोणत्या खांबावर आता कुणाची वायर, हे ठरवा.

एका ठिकाणच्या वर्णनात तीन थर दिसले पाहिजेत: फार जुना, मधला आणि नवा. शहापूरच्या गल्लीत जुनं कौलारू घर, त्यावर पत्र्याचा वाढवलेला मजला आणि त्या पत्र्यावर अँटेना. सगळंच नवं लिहिलं की शहर परवाच बांधल्यासारखं वाटतं, आणि नवख्यांची कथा सर्वांत जास्त इथंच फसते.

पायरी २: जागा तीनच घ्या

पाच हजार शब्दांत तीन जागा पुरतात आणि प्रत्येक जागा निदान दोनदा यावी. दुसऱ्यांदा आली की तिथं काहीतरी बदललेलं असावं. सात-आठ जागा घेतल्या तर वाचकाच्या पायाला रस्ता सापडत नाही.

निवडायला या भागात भरपूर आहे, पण प्रत्येक जागेचं कष्टाचं स्वरूप वेगळं आहे हे ध्यानात घ्या. उद्यमबाग आणि मच्छे इथं फाउंड्री म्हणजे ओतकामाचे कारखाने आणि मशिन शॉप. वडगाव, शहापूर, खासबाग इथं घरातले यंत्रमाग. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि घरोघरी बिड्या वळणाऱ्या बायका. गोकाकला धबधब्याच्या पाण्यावर वीज करून चाललेली जुनी सूतगिरणी. हत्तरगीजवळच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानाचे सुटे भाग बनतात. चकाचक बाजू हवी असेल तर तीही जिल्ह्यातच आहे. खानापूरकडं गेलात तर कौलं, माती आणि त्यापुढं जंगल.

तीन जागांपैकी एक काम करण्याची, एक राहण्याची आणि एक ओलांडण्याची घ्या. ओलांडण्याची म्हणजे टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट, महाराष्ट्राच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका, कणकुंबीकडून गोव्यात उतरणारा चोर्ल्याचा रस्ता. तिथं थांबावं लागतं, कागद दाखवावे लागतात आणि ताण आपोआप तयार होतो.

पायरी ३: प्रत्येक जागेला सहा प्रश्न

वहीचं एक पान एका जागेला द्या आणि उत्तरं प्रत्येकी एका ओळीत लिहा. वीज कुठून येते आणि गेली तर काय थांबतं? पाणी कुठून आणि किती दिवसांआड? सांडपाणी कुठं जातं? नेटवर्क कुणाच्या मालकीचं? भाडं कुणाला? मोडलं तर दुरुस्त कोण करतं?

पाण्याचा प्रश्न घेऊन बघा. बेळगावात २००८ पासून निवडक प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, तर त्यालाच लागून असलेल्या प्रभागांना काही दिवसांआड पाणी येत राहिलं. एका रस्त्याच्या अलीकडं नळ आणि पलीकडं पिंप. ही विषमता दाखवायला टॉवरची गरजच नाही. आता २०५७ मध्ये तो नळ चेहरा ओळखून उघडतो असं धरा, आणि पिंपवाल्या बाजूची बाई नळाच्या बाजूच्या वहिनींना चेहरा 'उसना' मागायला येते. कथा सुरू झाली.

हद्दींचाही असाच उपयोग करा. कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, गावात महापालिका, हिंडलगा-कंग्राळीकडं ग्रामपंचायत, रुळांच्या बाजूला रेल्वेची जमीन, उद्यमबागेत औद्योगिक वसाहत. कॅम्पातली रुंद, झाडांची सावली असलेली सडक सोडून खडेबाजारच्या बाजूला शिरलात की गटार, दिवा, रस्त्याची रुंदी सगळं बदलतं. तुमच्या भविष्यात या हद्दी जमिनीवर तशाच ठेवा आणि वर नेटवर्कच्या वेगळ्या हद्दी टाका. दोन्ही कुठं जुळत नाहीत ती जागा तुमच्या मुख्य पात्राच्या घराला द्या.

पायरी ४: प्रत्यक्ष जाऊन बघा, आधी नाकानं आणि कानानं

वर्णनात डोळा सगळ्यांत आळशी असतो. पहिल्या फेरीत वास आणि आवाज एवढेच टिपा.

फाउंड्रीत साचा करायची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि साधारण ३ ते ४ टक्के पाणी. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस सुमारे १४०० अंश सेल्सिअसला ओततात, तेव्हा ती कोळशाची भुकटी जळते आणि तिचा वास कपड्यात बसतो. वाळूत पाणी जास्त झालं तर वाफ अडकून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळ्या पडतात. कमी झालं तर साचा ढासळतो. ही एवढी माहिती कथेला किती देते बघा. तुमच्या हॅकरला बँक फोडायची गरज नाही. त्यानं ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा साडेतीन दाखवत ठेवला आणि प्रत्यक्षात वाळू पाच टक्क्यांवर नेली, की रात्रीतून सगळा माल बाद, सकाळी ऑर्डर रद्द आणि आठवड्यात कारखाना दुसऱ्याच्या ताब्यात. हा गुन्हा फक्त याच जागी घडू शकतो.

भेटीला जाताना मालकाची किंवा सुपरवायझरची परवानगी घ्या, बंद बूट घाला आणि ओतकामाच्या वेळी दूर उभे राहा. ओल्या जमिनीवर सांडलेला रस वाफेमुळं उडतो. कॅम्पात लष्करी आवाराचे फोटो काढू नका. वस्तीत वही उघडून माणसांकडं टक लावून बसू नका. चहा घ्या, बोला, घरी येऊन लिहा.

वडगावच्या मागांचा आवाज दिवसभर असतो, म्हणून तिथं राहणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. तो थांबला की कळतं. आवाज थांबणं हीच तुमच्या कथेतली धोक्याची घंटा करता येते. साडीच्या काठाच्या नक्षीसाठी मागाला जकार्ड नावाचं यंत्र जोडतात, आणि छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारं जकार्ड १८०४ च्या सुमाराचं, म्हणजे संगणकाच्या पूर्वजांपैकी एक. काठाच्या नक्षीत लपवलेला निरोप कॅमेऱ्याला दिसेल, पण वाचता येणार नाही. ही कल्पना घेतलीत तर नक्षी घालणारा कारागीर कथेत महत्त्वाचा माणूस होतो, आणि तसाच तो व्हावा.

पावसाबद्दल थोडं. जून ते सप्टेंबर बेळगावात तो झोडपण्यापेक्षा दिवसेंदिवस झिमझिमत राहतो, आणि वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे नैऋत्येला असलेल्या उद्यमबागेचा धूर पावसाळ्यात अनगोळ-टिळकवाडीकडं सरकेल. बळ्ळारी नाला फुगला की वडगाव-येळ्ळूरकडची भातशेती पाण्याखाली जाते. कणकुंबीला पाऊस कोसळतो तेव्हा अथणीला आभाळ कोरडं असू शकतं. संपूर्ण जिल्ह्यावर एकसारखा 'आम्लाचा पाऊस' पाडणाऱ्या कथेवर इथला वाचक विश्वास ठेवत नाही. फाउंड्रीत पाऊस भिजलेल्या भंगाराच्या रूपानं येतो. ते वितळलेल्या धातूत पडलं तर स्फोटाचा धोका. पावसाला द्यायचं काम असं असतं.

पायरी ५: नवं तंत्रज्ञान एकच

एका कथेत एक मोठी नवी गोष्ट, आणि आज असलेल्या दोन गोष्टी थोड्या वाकवून. बस. मेंदूत चिप, उडत्या गाड्या, क्लोन आणि जागं झालेलं यंत्र हे सगळं एकत्र आलं की एकाचाही परिणाम गल्लीपर्यंत उतरवायला जागा उरत नाही.

निपाणी घ्या. बिडीची मजुरी दर हजार बिड्यांवर ठरते आणि तपासणीत बाद झालेल्या बिड्यांना 'छाट' म्हणतात. २०५७ मध्ये त्याच ओसरीवर, त्याच मांडीवर सुपाच्या जागी स्क्रीन आहे आणि यंत्राला शिकवण्यासाठी चित्रांना नावं देण्याचं काम हजारावर चालतं. छाट आता माणूस काढत नाही, यंत्र काढतं, आणि का काढली ते सांगत नाही. नवी गोष्ट एकच आहे, पण मजुरी, मध्यस्थ, उधारी, सासू-सुनेतलं कामाचं वाटप या सगळ्याला ती हात घालते. तंबाखूचा वास मात्र भिंतीत तसाच ठेवा.

पायरी ६: सीमा घोषणेत नको, रोजच्या कामात दाखवा

१९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा हे इथल्या वाचकाला पाठ आहे. ते पुन्हा सांगण्यात पान घालवू नका. पात्रांच्या तोंडी भाषणं दिलीत की कथा थांबते आणि सभा सुरू होते.

त्याऐवजी सीमा माणसाच्या कामात कुठं आडवी येते ते शोधा. २०२१ मध्ये कोगनोळीला महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडं कोरोनाचा आरटीपीसीआर अहवाल मागत होते; तपासणीचा नाका एका रात्रीत उभा राहू शकतो हे सगळ्यांनी पाहिलं. हद्दीवरच्या दूधगंगा नदीच्या अलीकडं-पलीकडं इंधनाचा दर वेगळा, गाडीची पाटी कोल्हापूरची एमएच शून्य नऊ की बेळगावची केए बावीस यावर लोकांची नजर वेगळी. कर्नाटकातल्या २०२४ च्या कायदादुरुस्तीनं दुकानांच्या फलकावर ६० टक्के कन्नड बंधनकारक झालं, त्यामुळं नव्या बोर्डाखाली जुनी रंगवलेली मराठी अक्षरं डोकावतात. आता विचार करा, रस्त्यावरचं यंत्र फक्त एकच लिपी वाचत असेल तर दुसऱ्या लिपीतलं दुकान त्याच्या नकाशावर असेल का?

सगळ्यांत चांगलं बीज नावात आहे. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत डी-एन नं सुरू करतो, कन्नडवरून केलेलं लिप्यंतर जे-एन नं सुरू होतं. आज त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून धावपळ होते. सगळे व्यवहार ओळखीवर चालणाऱ्या शहरात एका अक्षरानं माणसाची वीज, पगार आणि दवाखाना बंद होऊ शकतो. सायबरपंकला हवा असलेला परका, नोंदीत नसलेला नायक इथं बाहेरून आणावा लागत नाही.

एक गोष्ट जपा. शेजारचा कन्नड बोलणारा माणूस खलनायक म्हणून ठेवू नका. या गावात एकाच मागावर, एकाच भट्टीवर दोन्ही भाषांची माणसं असतात, आणि मोठ्या व्यवस्थेपुढं दोघंही सारखेच अडतात. तेच खरं आहे आणि कथेलाही तेच जास्त देतं.

पायरी ७: बोली

निवेदन प्रमाण मराठीत चालेल, संवाद इथलेच हवेत. 'मी काम केलो' हे वळण, 'ये की', 'बस की', 'गा', वाक्यात सहज येणारा कन्नड शब्द. वयानं मोठ्या शेजारणीला अक्का, मोठ्या माणसाला तात्या किंवा अण्णा, मालकाला सावकार. प्रत्येक वाक्यात बोलीचं मीठ घालू नका. एका संवादात दोन-तीन खुणा पुरतात. तांत्रिक नवे शब्द पहिल्या पानावर एकापेक्षा जास्त नकोत, आणि ते लोकांनी झिजवलेले असावेत. गल्लीतला माणूस यंत्राचं पूर्ण अधिकृत नाव कधीच घेत नाही.

पायरी ८: एक परिच्छेद लिहून बघा

आधी फसलेला नमुना:

'२०५७. बेळगाव. आम्लाचा पाऊस पडत होता. निळ्या-जांभळ्या निऑनच्या उजेडात रस्ते चमकत होते. सगळीकडं कचरा आणि गरिबी होती. कंपन्यांचे टॉवर आकाशाला भिडले होते. रुद्र आपल्या यांत्रिक डोळ्यानं सगळं पाहत होता.'

कचरा कुणाचा, का उचलला नाही? निऑन कशाची जाहिरात करतंय आणि ते विकत घेणारं या गल्लीत कोण आहे? रुद्र पोटाला काय करतो? एकाचंही उत्तर नाही. आता तोच क्षण जागेला धरून:

'वडगावात माग थांबले की माणसं आधी वर बघतात. वर तारांचा गुंता, बुडालेल्या कंपनीची फायबर, तिच्यावर वाळत घातलेलं सूत. आज मात्र डाव्या हाताचेच माग थांबले होते. उजवीकडची घरं नव्या मीटरवर गेलेली, त्यांचा खडखडाट चालूच होता.

"मीटर बदलून घे म्हणून सांगितलं होतं न्हवं गा तुला?" शेवंताक्का दारातूनच म्हणाली.

"बदललो असतो की अक्का. नाव जुळंना."

"कुणाचं?"

"माझंच."'

यात यांत्रिक डोळा नाही, पाऊस नाही. तरी वीज कुणाच्या हातात आहे, गल्ली दोन भागांत कशी फुटली आणि माणूस कुठं अडकलाय ते कळतं. वर्णनाचा सलग तुकडा साठ-सत्तर शब्दांपेक्षा लांबवू नका. मध्ये कुणीतरी काहीतरी करू द्या.

पायरी ९: तपासणी

मसुदा झाला की चार-पाच दिवस बाजूला ठेवा आणि मग तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. जिथं मळ, अंधार, गंज, गर्दी असे शब्द आहेत तिथं एका रंगानं खूण करा आणि समासात कारण लिहा. कारण सुचलं नाही तो शब्द काढा. दुसऱ्या रंगानं जागांची नावं. एखादं नाव बदलून दुसऱ्या शहराचं घातल्यावर परिच्छेद तसाच चालत असेल तर तो परिच्छेद परत लिहा. तिसऱ्या रंगानं अशी माणसं शोधा जी फक्त गरीब दिसण्यासाठी उभी केली आहेत. त्यांना काम द्या, मत द्या, एखादं नाव द्या, नाहीतर त्यांना कथेतून जाऊ द्या.

शेवटी नकाशा उघडून अंतरं मोजा. बेळगाव ते निपाणी साधारण पाऊणशे किलोमीटर आहे. तुमचं पात्र चहा निवेपर्यंत तिथं पोचत असेल तर कशानं पोचलं ते लिहावं लागेल. मग मसुदा दोघांना वाचायला द्या. एक जण त्या गल्लीत राहणारा हवा, दुसरा त्या गल्लीत कधीच न गेलेला. पहिला चुका सांगेल. दुसऱ्याला, कथेतल्या घरातून कामाच्या जागेपर्यंतचा रस्ता कागदावर काढायला सांगा, आणि जिथं त्याची रेघ अडेल तिथून दुरुस्तीला लागा.